मोठ्या दुरुस्तीनंतर वॉर्निंग लाइट पुन्हा लागली, तर तपास कसा करावा

इंजिनाचे हेड (सिलिंडरांवर बसणारा वरचा भाग) उतरवून गॅस्केट बदलले, टायमिंग चेन नवी बसवली, गिअरबॉक्स खाली घेऊन क्लच बदलला किंवा पूर्ण इंजिनाचे ओव्हरहॉल केले, आणि गाडी ताब्यात घेतल्यावर थोड्याच दिवसांत डॅशबोर्डवरचा दिवा पुन्हा लागला, तर केलेला सगळा खर्च पाण्यात गेला असेच मालकाला वाटते. हा निष्कर्ष बहुतेक वेळा घाईचा असतो. अशा कामात कितीतरी कनेक्टर, नळ्या, क्लिपा आणि अर्थिंगच्या वायरी सोडवून पुन्हा जोडाव्या लागतात, आणि त्यांतली एखादी सैल राहिली तर मुख्य काम उत्तम होऊनही दिवा लागतो. दुसरीकडे, मूळ दोष भलताच असेल आणि दुरुस्ती फक्त त्याच्या परिणामाची झाली असेल, तर तोच दिवा त्याच कारणासाठी परत येतो. या दोन शक्यता एकमेकींपासून वेगळ्या काढणे हा या तपासाचा गाभा आहे. त्यासाठी लागणारी बरीचशी माहिती गाडीच्या संगणकात आधीच नोंदलेली असते, आणि ती कोणी घाईने पुसून टाकणार नाही एवढे पाहणे हे मालकाचे पहिले काम आहे.

गाडी चालवायची की जागीच उभी करायची

कोणता दिवा लागला आहे, यावर हा निर्णय अवलंबून असतो. लाल दिवा म्हणजे गाडी सुरक्षित जागी घेऊन थांबवणे. पिवळा किंवा नारिंगी दिवा म्हणजे लवकरात लवकर तपासणी करणे, असा ढोबळ नियम आहे. मात्र दुरुस्तीनंतरच्या काळात काही दिव्यांकडे अधिक काटेकोरपणे पाहावे लागते.

ऑइल प्रेशरचा लाल दिवा इंजिन सुरू असताना लागला, तर इंजिन त्याच क्षणी बंद करावे. ओव्हरहॉल नुकतेच झालेले असेल तर गॅरेजपर्यंतचे शेवटचे अंतरसुद्धा गाडी चालवून पार करू नये, कारण प्रेशर खरोखरच नसेल तर नवे बेअरिंग अगदी थोड्या वेळात खराब होतात. आधी डिपस्टिकवर ऑइलची पातळी पाहावी. पातळी बरोबर असेल तर सेन्सरच्या जागी यांत्रिक गेज लावून प्रत्यक्ष प्रेशर मोजायला सांगावे. ‘सेन्सर खराब असेल’ हा अंदाज मोजमाप केल्याशिवाय मान्य करू नये.

तापमानाचा दिवा हेडच्या कामानंतर लागला, तर कूलंटमध्ये हवा अडकून राहिली असण्याची शक्यता मोठी असते, पण ते निश्चित होईपर्यंत गाडी चालवू नये. जास्त तापल्यामुळे नवे गॅस्केट पुन्हा जाऊ शकते आणि हेड वाकू शकते. गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच पातळी पाहावी. ब्रेकचा लाल दिवा लागला तर हँडब्रेक पूर्ण सुटला आहे का आणि ब्रेक ऑइलची पातळी किती आहे, हे पाहावे. पातळी घटलेली असेल किंवा पेडल खोल जात असेल तर गाडी टो करून न्यावी.

चेक इंजिनचा पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर गॅरेजपर्यंत शांतपणे चालवत नेण्यास हरकत नसते. तोच दिवा लुकलुकत असेल तर प्रसंग वेगळा आहे. त्याचा अर्थ इंजिन तीव्र स्वरूपात मिसफायर करत आहे, म्हणजे न जळलेले इंधन एक्झॉस्टमध्ये जात आहे. ते इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जळते, त्याचे तापमान प्रचंड वाढते आणि आतला जाळीदार गाभा वितळू शकतो. अशा वेळी अॅक्सिलरेटरवरचा दाब कमी करावा, आणि तरीही दिवा लुकलुकत राहिला तर गाडी थांबवावी.

एक तपासणी दिवा लागण्याची वाट न पाहता, गाडी ताब्यात घेतानाच करावी. चावी किंवा बटण ‘ऑन’ करून इंजिन सुरू न करता सर्व दिवे पेटतात का, ते पाहावे. ऑइल, बॅटरी, एबीएस, एअरबॅग आणि चेक इंजिन हे दिवे त्या वेळी पेटलेच पाहिजेत, आणि इंजिन सुरू झाल्यावर काही क्षणांत विझले पाहिजेत. एखादा दिवा चावी फिरवल्यावर पेटतच नसेल, तर तो सुस्थितीचा पुरावा नव्हे. बल्ब गेलेला असू शकतो, कनेक्टर सुटलेला असू शकतो किंवा तो दिवा मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

कोड पुसण्याआधी नोंद घ्यावी

दिवा लागल्यावर गॅरेजमध्ये सर्वांत आधी स्कॅनर लावून कोड (गाडीच्या संगणकाने नोंदलेले दोषांचे क्रमांक) ‘क्लिअर’ करण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. दिवा विझतो आणि गिऱ्हाइकाचे तात्पुरते समाधान होते, पण तपासाच्या दृष्टीने हे मोठे नुकसान आहे. कोडसोबत ‘फ्रीझ फ्रेम’ नावाची नोंद साठवलेली असते. दोष नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाचे आरपीएम किती होते, वेग किती होता, कूलंटचे तापमान, इंजिनावरचा भार आणि संगणक इंधनाचे प्रमाण किती टक्के कमी-जास्त करत होता, हे सगळे त्यात असते. कोड पुसला की ही नोंदही जाते, आणि संगणकाने स्वतःच्या तपासण्या कुठवर पूर्ण केल्या होत्या याचा हिशेबही शून्यावर येतो. बॅटरीची वायर काढून ठेवल्यानेही अनेक गाड्यांत हाच परिणाम होतो.

म्हणून स्कॅनर लावणाऱ्याला आधीच स्पष्ट सांगावे की सर्व कोड, फ्रीझ फ्रेम आणि प्रलंबित म्हणजे ‘पेंडिंग’ कोड यांचे फोटो घेतल्याशिवाय काहीही पुसायचे नाही. स्वतःकडे साधा ओबीडी (गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणारा) स्कॅनर असेल तर हे घरीही करता येते. त्याचे १६ पिनांचे सॉकेट बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डखाली, स्टिअरिंगच्या आसपास असते. मात्र स्वस्त स्कॅनर बहुधा फक्त इंजिनाचे कोड वाचतो; एबीएस, एअरबॅग आणि गिअरबॉक्स यांच्या मॉड्यूलमधले, म्हणजे स्वतंत्र छोट्या संगणकांमधले, कोड वाचण्यासाठी त्या गाडीला चालणारा, पूर्ण क्षमतेचा स्कॅनर लागतो. मोठ्या दुरुस्तीनंतर सर्वच मॉड्यूल एकदा वाचून घेणे फायद्याचे ठरते, कारण एका सैल अर्थिंगमुळे तीन वेगवेगळ्या मॉड्यूलमध्ये असंबद्ध वाटणारे कोड एकाच वेळी नोंदले जाऊ शकतात, आणि तो आकृतिबंधच खऱ्या कारणाकडे बोट दाखवतो.

यंत्राच्या नोंदीला स्वतःच्या नोंदीची जोड द्यावी. दिवा लागला तेव्हा इंजिन थंड होते की गरम, गाडी उभी होती की वेगात, चढावर होती की सपाटीवर, पाऊस होता का, नुकतेच इंधन भरले होते का, एसी चालू होता का, आणि दिव्याबरोबर इंजिनाचा आवाज, कंपन, वास किंवा धूर यांत काही फरक जाणवला का, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. दोन दिवसांनी हे तपशील आठवणीत सरमिसळ होतात.

कोड काय सांगतो आणि काय सांगत नाही

कोडचे पहिले अक्षर विभाग सांगते: ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, ‘सी’ म्हणजे ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग, ‘बी’ म्हणजे एअरबॅगसारख्या बॉडीतल्या यंत्रणा, आणि ‘यू’ म्हणजे मॉड्यूलमधला परस्पर संपर्क. त्यानंतरचा पहिला अंक शून्य असेल तर कोडचा अर्थ सर्व कंपन्यांत सारखा असतो; एक असेल तर तो त्या उत्पादकाचा स्वतःचा कोड असतो आणि त्याचा अर्थ त्याच गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा लागतो.

कोड हा दोषाचा पत्ता आहे, निदान नव्हे. उदाहरणार्थ, पी ०१७१ या कोडचा अर्थ इंजिनाच्या एका बाजूला मिश्रणात हवा जास्त आणि इंधन कमी पडत आहे, एवढाच आहे. त्याला हवेची गळती, कमजोर फ्युएल पंप, घाण झालेला हवा मोजणारा सेन्सर, किंवा ऑक्सिजन सेन्सरच्या आधीच एक्झॉस्टला असलेली फट, यांपैकी काहीही कारणीभूत असू शकते. एखाद्या कोडमध्ये ऑक्सिजन सेन्सरचा उल्लेख आहे म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणे ही दुरुस्ती नसून अंदाज आहे, आणि अशा अंदाजांची किंमत दर वेळी मालकालाच मोजावी लागते.

तोच कोड आला की नवा

दुरुस्तीआधीचा कोड कोणता होता, हे बिलावर किंवा जॉब कार्डवर असायला हवे. नसेल तर गॅरेजकडून मागून घ्यावे. आता आलेला कोड त्याच्याशी जुळवून पाहावा.

कोड तोच असेल, तर बदललेला भाग हे दोषाचे कारण नव्हते, किंवा एकमेव कारण नव्हते, किंवा नवा भागच सदोष निघाला, या तीन शक्यता उरतात. नव्या भागाबद्दल शंका घ्यायला संकोच करू नये, कारण खोक्यातून काढलेले सेन्सर आणि इग्निशन कॉइलसुद्धा खराब निघतात, विशेषतः मूळ उत्पादकाच्या दर्जाचे नसतील तेव्हा. कोड पूर्णपणे नवा असेल, तर संशयाची सुई आधी दुरुस्तीच्या वेळी हात लागलेल्या जागांकडे वळते. तिसरीही एक शक्यता असते: जुन्या दोषाने मागे ठेवलेले नुकसान. दीर्घकाळ मिसफायर करणारे किंवा कूलंट जाळणारे इंजिन दुरुस्त झाले, तरी त्या काळात खराब झालेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काही आठवड्यांनी पी ०४२० हा कोड दाखवू शकतो. येथे नवे काम चुकलेले नसते. जुना आजार अंगावर काढल्याचा तो परिणाम असतो.

दिवा किती वेळाने परत आला, हेही तितकेच बोलके असते. चावी फिरवताच किंवा इंजिन सुरू होताच कोड परत येत असेल, तर बहुधा वायर तुटलेली, कनेक्टर सुटलेला किंवा सेन्सर विजेच्या दृष्टीने बंद पडलेला असतो, कारण अशा सर्किटची तपासणी संगणक सतत करत असतो. गाडी काही मिनिटे चालून इंजिन गरम झाल्यावर दिवा येत असेल, तर उष्णतेने सुटणारी जोडणी, थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह नियंत्रित करणारी झडप) किंवा इंधनाचे मिश्रण यांकडे पाहावे. दिवा दोन-तीन दिवसांनी आला, तर त्यामागे तपासणीची पद्धत असू शकते. प्रदूषणाशी संबंधित बरेच दोष पहिल्या फेरीत (इंजिन सुरू करून, गाडी चालवून ते बंद करेपर्यंतच्या काळात) फक्त पेंडिंग म्हणून नोंदले जातात आणि पुढच्या फेरीत पुन्हा आढळले तरच दिवा लागतो. त्यामुळे गॅरेजमधून बाहेर पडताना दिवा विझलेला होता, याचा अर्थ तेव्हा दोष नव्हता असा होत नाही; कदाचित ती तपासणी तोवर झालीच नसेल.

भाग बदलण्याआधीची प्राथमिक तपासणी

मी या टप्प्यावर सर्वाधिक भर देईन, कारण दुरुस्तीनंतर परतणाऱ्या दिव्यांची साधी कारणे येथेच सापडतात आणि त्यासाठी कोणताही नवा भाग लागत नाही.

सुरुवात बॅटरीपासून करावी. गाडी काही दिवस गॅरेजमध्ये उघडी पडून राहिली असेल तर बॅटरी उतरलेली असते, आणि कमी व्होल्टेजमुळे मॉड्यूल विचित्र कोड नोंदवतात. विश्रांत अवस्थेत पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीचे व्होल्टेज सुमारे १२.६ असते. इंजिन सुरू असताना ते साधारण १३.५ ते १४.७ यांच्या दरम्यान असावे; काही आधुनिक गाड्यांत अल्टरनेटर गरजेनुसार यापेक्षा कमीही ठेवतो, म्हणून हेडलाइट आणि एसी लावून पुन्हा मोजावे. टर्मिनल हाताने हलवून पाहावे. ते जराही फिरले तर ते घट्ट केल्याशिवाय पुढची कोणतीही तपासणी करण्यात अर्थ नाही.

त्यानंतर अर्थिंग. इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवताना इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थ वायर सोडावी लागते. ती परत न लावणे, रंगावर किंवा गंजावर बसवणे, किंवा चुकीच्या बोल्टखाली दाबणे या चुका वारंवार होतात. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरा इंजिनाच्या उघड्या धातूवर धरावा आणि कोणालातरी स्टार्टर मारायला सांगावे. फरक सुमारे ०.२ व्होल्ट किंवा त्याहून कमी यायला हवा. तो अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर अर्थिंग कमकुवत आहे, आणि त्या स्थितीत कोणत्याही सेन्सरच्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही.

आता दुरुस्तीच्या जागेच्या भोवती टॉर्च लावून पाहावे. प्रत्येक कनेक्टरचे लॉक बसले आहे का, ते हलके ओढून पाहावे. ‘क्लिक’ न झालेला कनेक्टर दिसायला जोडलेलाच दिसतो आणि खड्ड्यातल्या धक्क्यात क्षणभर सुटतो. वाकलेली पिन, आत शिरलेले ऑइल किंवा कूलंट, एक्झॉस्टला टेकलेली वायर, कंसाखाली चेपलेली हार्नेस (वायरींचा जुडगा), दोन सारख्या कनेक्टरांची झालेली अदलाबदल, हे सर्व डोळ्यांना दिसणारे दोष आहेत. इंजिन आयडलिंगवर (अॅक्सिलरेटर न दाबता सुरू) ठेवून संशयित वायर हळूच हलवावी आणि स्कॅनरवरचा आकडा उडी मारतो का, ते दुसऱ्याने पाहावे. हे करताना हात, बाही आणि मल्टिमीटरच्या वायरी पट्ट्यांपासून आणि पंख्यापासून दूर ठेवाव्यात.

हवेच्या नळ्यांकडे तर विशेष लक्ष द्यावे. हवा मोजणारा सेन्सर आणि थ्रॉटल यांच्यामधल्या रबरी पाइपाचा क्लॅम्प सैल राहिला, तर न मोजलेली हवा आत शिरते. जुन्या, कडक झालेल्या व्हॅक्यूम नळ्या काढताना चिरतात आणि पुन्हा बसवल्यावर चीर खालच्या बाजूला जाऊन नजरेआड होते.

एक उदाहरण, जवळून पाहिलेले

हेड गॅस्केट बदलल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी चेक इंजिनचा दिवा आला आणि कोड पी ०१७१ निघाला, असे समजू. दुरुस्तीआधी हा कोड नव्हता. फ्रीझ फ्रेममध्ये आरपीएम आठशेच्या आसपास, वेग शून्य आणि कूलंट पूर्ण गरम, म्हणजे दोष गाडी सिग्नलला उभी असताना नोंदला गेला. आता स्कॅनरवर ‘फ्युएल ट्रिम’ हे आकडे पाहायचे. संगणक ठरलेल्या प्रमाणापेक्षा किती टक्के इंधन वाढवत किंवा कमी करत आहे, हे त्यातून कळते. सर्वसाधारणपणे तात्कालिक आणि दीर्घकालीन ट्रिमची बेरीज उणे १० ते अधिक १० टक्क्यांच्या आत असावी. येथे ती आयडलिंगला अधिक २४ दिसते, आणि आरपीएम २,५०० वर नेऊन स्थिर ठेवल्यावर अधिक ५ वर उतरते.

या उतरण्यातच निदान आहे. आयडलिंगला इंजिन फार थोडी हवा घेते, त्यामुळे लहानशा भेगेतून शिरणारी हवा त्या मानाने मोठी ठरते. आरपीएम वाढल्यावर एकूण हवा वाढते आणि त्याच गळतीचा वाटा नगण्य होतो. फ्युएल पंप कमजोर असता तर चित्र उलटे दिसले असते, म्हणजे आयडलिंगला सगळे ठीक आणि भार वाढला की ट्रिम चढत गेली असती. तेव्हा पंप, इंजेक्टर आणि ऑक्सिजन सेन्सर यांना हात न लावता इन्टेक मॅनिफोल्डकडे, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांकडे, जायचे. हेडच्या कामात मॅनिफोल्ड उतरवलेला असतोच. स्मोक मशीनने इन्टेकमध्ये धूर सोडला की मॅनिफोल्डच्या मागच्या बाजूला, क्रँककेसची हवा परत आणणाऱ्या नळीच्या कोपऱ्यातून धुराची बारीक रेघ वर येते. नळी बदलली, कोड पुसला, आणि आयडलिंगची ट्रिम हळूहळू अधिक ३ वर येऊन स्थिरावली, म्हणजे कारण सापडल्याचे सिद्ध झाले. कोड पुसल्यावर दीर्घकालीन ट्रिम शून्यापासून पुन्हा शिकते, म्हणून गाडी थोडी चालवल्यानंतरचाच आकडा ग्राह्य धरावा.

कोणत्या कामानंतर कुठे पाहावे

टायमिंग बेल्ट किंवा चेन बदलल्यानंतर पी ००१६ हा कोड आला, तर क्रँकशाफ्ट (पिस्टन फिरवतात तो दांडा) आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांची सांगड जुळत नाही असे संगणक सांगत आहे. बेल्ट एक दात पुढे-मागे बसला असण्याची शक्यता येथे सर्वांत गंभीर मानावी. अनेक इंजिनांत टायमिंग बरेच चुकले तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, म्हणून खुणा पुन्हा जुळवून पाहिल्याशिवाय गाडी चालवू नये. ऑइलची चुकीची ग्रेड, कमी पातळी किंवा कॅमची वेळ बदलणाऱ्या सोलेनॉइडमधली (विद्युत झडपेतली) घाण यांनीही हाच कोड येऊ शकतो, पण ती कारणे खुणा बरोबर असल्याची खात्री झाल्यानंतर तपासायची.

हेडच्या कामानंतर तापमान पुन्हा वाढत असेल तर हवा काढण्याची प्रक्रिया त्या गाडीसाठी सांगितलेल्या पद्धतीने झाली का, पंख्याचा कनेक्टर जोडला आहे का आणि थर्मोस्टॅट योग्य दिशेने बसला आहे का, हे विचारावे. हवा काढूनही कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील तर रासायनिक द्रावाची चाचणी करून घ्यावी. कूलंटवरची हवा त्या निळ्या द्रावातून ओढतात; ज्वलनाचा वायू असेल तर द्राव पिवळा पडतो. ही चाचणी हेड पुन्हा उघडण्याआधीच करावी. मात्र पी ०१२८ हा कोड आला तर अर्थ उलटा असतो: इंजिन अपेक्षेइतके लवकर गरम होत नाही, आणि थर्मोस्टॅट उघडा राहतो आहे किंवा बसवलेलाच नाही, अशी शंका घ्यावी.

पी ०४२० आल्यावर थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायची घाई करू नये. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून बाहेरची हवा आत येत असेल तर सेन्सरचे वाचन फसते. शिवाय मिसफायर किंवा ऑइल जळणे पूर्ण थांबल्याशिवाय नवा कन्व्हर्टर बसवला, तर तोही जुन्याच्याच वाटेने जाईल.

क्लच किंवा गिअरबॉक्सच्या कामानंतर क्रँक सेन्सरचा कोड आला, तर तो सेन्सर बऱ्याच गाड्यांत बेल हाउसिंगजवळच (क्लचभोवतीच्या कवचाजवळ) असतो हे लक्षात घ्यावे; गिअरबॉक्स चढवताना त्याची वायर दबते किंवा त्याचे टोक आपटते. पूर्ण इंजिन किंवा फ्लायव्हील बदलल्यानंतर काही गाड्यांत क्रँकशाफ्टच्या बारीक फरकांचे ‘लर्निंग’ स्कॅनरने करावे लागते. ते राहिले तर इंजिन सुरळीत असूनही मिसफायरचे कोड येतात.

चाकाचे बेअरिंग बदलल्यावर एबीएसचा दिवा लागणे हा नेहमीचा अनुभव आहे आणि त्याचे एक कारण फारच साधे आहे. अनेक बेअरिंगांच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टा असतो, आणि सेन्सर तो पट्टाच वाचतो. दोन्ही बाजू दिसायला जवळपास सारख्या असल्याने बेअरिंग उलटे प्रेस केले जाते. मग बेअरिंग आवाज करत नाही, चाक मोकळे फिरते, पण सेन्सरला काहीच दिसत नाही. स्कॅनरवर चारही चाकांचा वेग एकाच वेळी पाहिला तर एका चाकाचा वेग शून्यावर अडकलेला किंवा कमी वेगात गळून पडणारा दिसतो. स्टिअरिंग रॅक, टाय रॉड किंवा अलाइनमेंटच्या कामानंतर स्टॅबिलिटी कंट्रोलचा दिवा आला, तर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर पुन्हा कॅलिब्रेट करायचा राहिलेला असण्याची शक्यता आहे.

डिझेल गाड्यांत इंजेक्टर काढले असतील तर प्रत्येक इंजेक्टरवरचा कोड त्याच सिलिंडरच्या नावावर संगणकात लिहिला गेला आहे का, ते विचारावे. डीपीएफच्या (धुरातली काजळी गाळणाऱ्या फिल्टरच्या) दाबाच्या दोन बारीक नळ्या उलट लागल्या किंवा चिरल्या तरीही दिवा येतो. टर्बोच्या गाडीत पी ०२९९ म्हणजे बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) कमी, आणि पहिली नजर इंटरकूलरच्या पाइपांवर टाकावी.

एअरबॅगचा दिवा मात्र घरच्या तपासणीतून पूर्णपणे वगळावा. सीट किंवा डॅशबोर्ड काढल्यानंतर सीटखालचा पिवळा कनेक्टर सैल राहणे हे नेहमीचे कारण असले, तरी चालू बॅटरीवर तो कनेक्टर हाताळणे किंवा त्यात मल्टिमीटर घालणे धोक्याचे आहे, कारण एअरबॅग उडू शकते. हा दिवा लागलेला असताना अपघातात एअरबॅग उघडेलच याची खात्री नसते, म्हणून हे काम पुढे ढकलू नये. हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांमधल्या उच्च व्होल्टेजच्या नारिंगी केबलांनाही हाच नियम लागू आहे.

गॅरेजशी बोलताना

दिवा परत आला की दुसऱ्या गॅरेजकडे जाण्याचा मोह होतो, पण आधी त्याच गॅरेजला कळवावे. काय सोडले आणि काय जोडले हे त्यांनाच माहीत असते. शिवाय मध्ये तिसऱ्याचा हात लागला की कामाच्या वॉरंटीचा प्रश्न गुंतागुंतीचा होतो. तक्रार लेखी द्यावी: दुरुस्तीची तारीख, तेव्हाचे किलोमीटर, दिवा पुन्हा लागला ती तारीख आणि किलोमीटर, कोड, आणि आपली निरीक्षणे. सूर आरोपाचा ठेवू नये; ‘तुम्ही बिघडवले’ असे म्हटल्याबरोबर समोरचा माणूस बचावात्मक होतो आणि आपल्याला हवी असलेली माहिती मिळेनाशी होते.

विचारायचे प्रश्न नेमके असावेत. हा भाग बदलण्याचा निर्णय कोणत्या मोजमापावरून झाला? काम करताना कोणते कनेक्टर आणि नळ्या काढल्या? काढलेला जुना भाग दाखवता येईल का? नव्या भागाचा उत्पादक आणि क्रमांक काय? कामानंतर कोणते रीलर्न किंवा कॅलिब्रेशन केले? या प्रश्नांना सरळ उत्तरे देणारा मेकॅनिक बहुधा दोषही शोधून काढतो. ‘एकदा हा सेन्सर बदलून बघू’ असे सुचवले गेले तर तो सेन्सर कोणत्या चाचणीत नापास झाला, हे विचारावे. तपासणीचे शुल्क आणि दुरुस्तीचे शुल्क वेगळे ठरवून घ्यावे, आणि चांगल्या तपासणीसाठी पैसे द्यायला कुरकुर करू नये. तासाभराची नीट तपासणी दोन अनावश्यक सेन्सरांपेक्षा स्वस्त पडते. समाधान झाले नाही तर सर्व नोंदी घेऊन स्वतंत्र तज्ज्ञाकडून लेखी मत घ्यावे, आणि गाडी उघडण्याआधी ते मूळ गॅरेजला दाखवावे.

दुरुस्ती खरोखर झाली, हे कसे पडताळावे

कोड पुसल्यानंतर दिवा विझलेला दिसणे पुरेसे नाही. संगणकाच्या तपासण्या, म्हणजे ‘मॉनिटर’, पुन्हा पूर्ण व्हाव्या लागतात, आणि त्या प्रत्येकीच्या अटी वेगळ्या असतात. मिसफायर आणि इंधन मिश्रण यांवर सतत लक्ष असते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या तपासणीसाठी इंजिन पूर्ण गरम असून गाडी बराच वेळ स्थिर वेगाने चालावी लागते. इंधनाच्या वाफेची गळती तपासणाऱ्या यंत्रणेसाठी इंजिन रात्रभर थंड झालेले असावे लागते आणि इंधनाची टाकी साधारण पाव ते पाऊण भरलेली लागते. टाकी पूर्ण भरून रोज चालवल्यास ही तपासणी अनेक दिवस होतच नाही. म्हणून थंड इंजिन सुरू करून शहरातली थोडी रहदारी, मग मोकळ्या रस्त्यावर एकसमान वेग, आणि शेवटी ब्रेक न दाबता वेग उतरू देणे, अशी मिश्र फेरी काही दिवस करावी.

त्यानंतर स्कॅनरवर तीन गोष्टी पाहाव्यात: संबंधित मॉनिटर ‘पूर्ण’ दाखवतो आहे, पेंडिंग कोडची यादी रिकामी आहे, आणि ज्या आकड्यावरून दोष सापडला होता तो आकडा आता मर्यादेत आहे. फ्रीझ फ्रेममध्ये नोंदलेली परिस्थिती मुद्दाम पुन्हा निर्माण करून पाहावी. दोष गरम इंजिनावर, चढावर आणि एसी चालू असताना आला होता, तर त्याच अवस्थेत गाडी चालवल्याशिवाय बिल चुकते करू नये. कोड न पुसता दोष दूर झाला असेल तर दिवा सहसा लागोपाठ तीन निर्दोष फेऱ्यांनंतर आपोआप विझतो, आणि साठवलेला कोड इंजिन सुमारे ४० वेळा थंड अवस्थेपासून पूर्ण गरम झाल्यानंतर निघून जातो. काही नव्या गाड्यांत ‘परमनंट’ प्रकारचा कोडही नोंदला जातो. तो स्कॅनरने पुसता येत नाही; गाडीच्या संगणकाने ती तपासणी स्वतः पूर्ण करून दोष नसल्याचे पाहिल्यावरच तो यादीतून जातो.